फ्रॉस्ट-फ्री फ्रीजरमध्ये बर्फ साचतोय? फोडण्याआधी या चुका टाळा

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्येही बर्फ रोज तयार होतो, फक्त आपल्याला दिसत नाही. फ्रीजरच्या मागच्या प्लास्टिक पॅनेलच्या आड ॲल्युमिनियमची कॉइल असते आणि हवेतला दमटपणा तिच्यावर गोठतो. ठरावीक तासांनी कॉम्प्रेसर थांबतो, कॉइलखालचा हीटर थोडा वेळ चालतो आणि बर्फ वितळतो. ते पाणी नळीवाटे फ्रीजच्या मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जाऊन उष्णतेने वाळतं. यातली एखादी पायरी चुकली की बर्फ बाहेर दिसायला लागतो. नेमकं कुठे चुकलं हे बर्फाच्या जागेवरून कळतं.

चूक पहिली: नीट न बघताच बर्फ वितळवणं

फ्रीज बंद करून सगळं पुसून घेतलं की मेकॅनिकला बघायला काहीच उरत नाही. आधी मोबाईलवर फोटो काढा. मग हे ताडून पाहा:

- मागच्या पॅनेलवर सगळीकडे सारखा पांढरा थर, फ्रीजर थंड पण खालचा कप्पा गरम: डीफ्रॉस्ट (हीटरने कॉइलवरचा बर्फ वितळणं) होत नाहीये. कॉइल बर्फाने गच्च भरली की पंख्याची थंड हवा खाली पोचत नाही. काही वेळा पंख्याची पाती बर्फाला घासून करकर आवाजही येतो.
- फ्रीजरच्या तळाशी काचेसारखी लादी, खालच्या कप्प्यात पाणी: निचऱ्याचं भोक तुंबलंय.
- दाराच्या कडेला आणि पिशव्यांवर भुसभुशीत हिम: बाहेरची हवा आत येतेय.
- पॅनेल काढल्यावर कॉइलच्या सुरुवातीच्या एकदोन वेटोळ्यांवरच बर्फ, बाकी कॉइल कोरडी: गॅस कमी असण्याची शक्यता.

चूक दुसरी: सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडणं

कॉइलची नळी पातळ असते. एक टोचा लागला की गॅस गेला आणि शंभर-दोनशेचं काम काही हजारांवर गेलं. मागच्या स्टिकरवर आर-600ए लिहिलं असेल तर तो गॅस ज्वलनशील असतो, त्यामुळे हा खेळ तर अजिबात नको. ओल्या फ्रीजरमध्ये हेअर ड्रायर धरणंही टाळा, विजेचा धोका आहे आणि आतलं प्लास्टिक वाकडं होतं.

प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा आणि फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवा. पाणी दर अर्ध्या तासाने बदलत राहा.

चूक तिसरी: पॅनेल स्वच्छ दिसलं की लगेच चालू करणं

समोरचा बर्फ तासा-दोन तासांत जातो, पण कॉइलच्या पत्र्यांमधला तसाच राहतो आणि आठवड्याभरात पहिले पाढे पंचावन्न. पूर्ण वितळायला 12 ते 24 तास द्या. मागचा ट्रे अधूनमधून तपासा, एवढं पाणी तो एकदम सामावून घेऊ शकत नाही.

चूक चौथी: लगेच गॅस भरून घेणं

सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. गॅस भरताना फ्रीज बराच वेळ बंद असतो, तेवढ्यात कॉइल मोकळी होते आणि फ्रीज एकदोन आठवडे झकास चालतो. मग पुन्हा तेच. फ्रीज दिवसभर बंद ठेवल्यावर काही दिवस नीट चालत असेल आणि पॅनेलवर परत सारखा थर येत असेल, तर गॅसला हात लावू देऊ नका. आधी डीफ्रॉस्टचे भाग तपासायला सांगा. प्लग काढून, मल्टिमीटरने:

हीटर: 230 व्होल्टच्या हीटरवर 150 वॅट लिहिलं असेल तर सुमारे 350 ओहम यायला हवेत. काहीच रीडिंग नसेल तर हीटर तुटलाय.

थर्मल फ्यूज (जास्त तापलं की हीटरची वीज कायमची तोडणारा भाग): मीटरवर यातून कायम जोड (कंटिन्युइटी) दाखवायला हवी. उडाला असेल तर नवाच बसवा. फ्यूज काढून वायर थेट जोडणं फार धोक्याचं आहे, हीटर थांबला नाही तर प्लास्टिक वितळतं, आगही लागू शकते. तो का उडाला हेही बघा, बऱ्याचदा बायमेटल (कॉइल गरम झाली की हीटर बंद करणारा छोटा स्विच) चिकटून राहिलेला असतो.

बायमेटल: इथे चांगले मेकॅनिकही फसतात. खोलीच्या तापमानाला तो सुटलेलाच असतो, म्हणून मीटरवर काही दाखवत नाही आणि चांगला भाग फेकला जातो. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाचा चुरा आणि मीठ (तीनास एक) यात 15 मिनिटं ठेवा. थंड असताना जोड दाखवली तर ठीक.

जुन्या मॉडेलमध्ये डीफ्रॉस्टची वेळ ठरवणारा टायमर असतो. फ्रीज चालू असताना त्याचा खाचेचा दांडा स्क्रू ड्रायव्हरने घड्याळाच्या दिशेने सावकाश फिरवा. ‘टक्’ झालं, कॉम्प्रेसर थांबला आणि काही मिनिटांनी हीटरवर थेंब पडल्याचा चर्र आवाज आला, तर हीटर चालतोय, टायमरच अडकलाय. इन्व्हर्टर मॉडेलमध्ये हे काम सेन्सर आणि बोर्ड करतात. तिथे सेन्सर आधी बदलून बघावा, बोर्ड शेवटी.

निचऱ्याचं भोक

कॉइलखालच्या पन्हळीत मधोमध छोटं भोक असतं. बर्फ गेल्यावर सुई काढलेल्या 50 मिलिच्या सिरिंजने कोमट पाणी हळूहळू सोडा. पाणी मागच्या ट्रेमध्ये पडायला लागेपर्यंत सोडत राहा. नळीच्या खालच्या टोकाला रबरी तोंड असेल तर ते काढून धुवा, चिकट गाळ तिथेच साठतो. तार घुसवू नका.

दाराचं रबर

रबर आणि फ्रेममध्ये दहाची नोट धरून दार लावा. ती सहज निसटली तर तिथून हवा येते. साबणाच्या कोमट पाण्याने घड्या पुसा, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवा म्हणजे दार आपोआप लागतं. पावसाळ्यात कोकण-मुंबईच्या हवेत अर्धवट उघडं दार एका रात्रीत हिम जमवतं. गरम भाजी, उघडं वरण आत ठेवू नका आणि आतल्या मागच्या बाजूच्या हवेच्या जाळीपुढे पिशव्या रचू नका.

दुरुस्तीनंतर दुसऱ्या दिवशी मागचा ट्रे टॉर्च लावून बघा. त्यात ताजं पाणी दिसलं आणि आठवड्याने पॅनेल कोरडं राहिलं, तर डीफ्रॉस्ट सुरू झालाय.