रब्बीत हायड्रोजेल टाकताय? आधी विहिरीच्या पाण्यात भिजवून बघा

रब्बीची पेरणी तोंडावर आली की "एकरी दोन किलो टाका, पाण्याची चिंता मिटली" असं सांगून हायड्रोजेलची, म्हणजे पाणी शोषून फुगणाऱ्या दाण्यांची, पाकिटं विकली जातात. वस्तू चांगली आहे. पण ती कुठे उपयोगी पडते आणि कुठे पैसे मातीत जातात, हे पाभर जुंपण्याआधी समजून घ्या.

हे जेल म्हणजे एक कलमच आहे. द्राक्षात आपण डॉगरिज जातीच्या खुंटावर (मुळाकडच्या भागावर) थॉम्पसन जातीची काडी बांधतो. इथे खुंट असतो सेल्युलोजचा किंवा मक्याच्या स्टार्चचा, आणि त्यावर रासायनिक क्रियेने ॲक्रिलेटच्या कृत्रिम साखळ्या चढवलेल्या असतात. या साखळ्या पाणी ओढतात, म्हणून दाणा फुगतो. त्या एकमेकींना आडव्या बांधलेल्या असतात, म्हणून तो विरघळत नाही. स्टार्चवरचं असं कलम अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत 1970 च्या दशकात झालं. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवरचं पुसा हायड्रोजेल तयार केलं. शुद्ध पाण्यात ते वजनाच्या किमान 350 पट पाणी धरतं.

आपलं पाणी मात्र शुद्ध नसतं. एक ग्रॅम जेल अर्धा लिटर पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात टाका, दुसरं एक ग्रॅम तेवढ्याच विहिरीच्या पाण्यात. दोन तासांनी फडक्यातून गाळा. पहिल्या फडक्यात साबुदाण्यासारखा टपोरा लगदा भरेल. क्षाराच्या पाण्यातला लगदा थोडा निघेल, कारण त्यातलं कॅल्शियम साखळ्यांना आवळून धरतं. फरक फार मोठा दिसला, तर तुमच्या रानात जेलवर खर्च करू नका.

आता हिशेब. दोन किलो जेल शुद्ध पाण्यातही एका वेळी सुमारे 700 लिटर पाणी धरेल. एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तरी सुमारे 4,000 लिटर पाणी पडतं! म्हणून जेल फोकून देणं म्हणजे वाया घालवणं. ते मुळापाशीच पडलं पाहिजे, आणि रिकामं झालं की पुन्हा भरायला पाणी मिळालं पाहिजे. जमीन कोरडी असेल तर जेल तिच्यातून पाणी ओढून आणत नाही. पेरणीनंतर पाऊसही नाही आणि एकही पाणी देता येणार नाही, अशा निव्वळ जिरायत रानात मी ते सुचवणार नाही. हलकी, मुरमाड जमीन आणि हाताशी एक-दोन संरक्षित (पीक वाचवण्यापुरती) पाणी असलेला हरभरा, ही जेलची खरी जागा. भारी काळी जमीन स्वतःच ओल धरते, तिथे फरक कमी दिसतो.

मात्रा एकरी एक ते दोन किलो. जमीन जितकी हलकी, तितकी दोनच्या जवळ. दहा पट कोरड्या, चाळलेल्या मातीत मिसळून दोन चाड्यांच्या (बी आणि जेल वेगवेगळं सोडणाऱ्या) पाभरीने बियाण्याच्या ओळीत द्या. ओल धरलेल्या युरियात मिसळू नका. गोळे होतात आणि नळी तुंबते. हरभऱ्याला पहिलं पाणी 30 ते 35 दिवसांनी, दुसरं घाटे भरताना. जेल टाकलं म्हणून ही पाणी टाळू नका.

मिरची-टोमॅटोच्या रोपांना लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम जेल अर्धा तास भिजवून, त्यात मुळं बुडवून लावा. पैशाच्या मानाने मला हाच वापर सर्वांत पटतो.

डायपरमधली पावडर शेतात टाकू नका, ती सोडियमची असते; चोपण (आधीच सोडियम जास्त असलेल्या) जमिनीत तर दुखण्यात भर. "शंभर टक्के जैविक" हा दावाही मान्य करू नका. खुंट मातीत कुजतो, पण ॲक्रिलेटच्या साखळ्या फार सावकाश मोडतात. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर प्रमाणीकरण संस्थेला विचारल्याशिवाय पाकीट फोडू नका. हाताळताना तोंडाला रुमाल बांधा, उरलेलं हवाबंद डब्यात ठेवा.

यंदा पाच गुंठ्यांतच टाका आणि शेजारचे पाच गुंठे तसेच ठेवा. पाणी, खत, बियाणं दोन्हीकडे एकच. मळणीला दोन्हीकडचं वजन वेगवेगळं करा आणि जेलच्या पावतीवर लिहून ठेवा.