ओव्हरव्होल्टेज ट्रिप आणि तापणारी मोटार: या चुका टाळा

ड्राइव्हवर (मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडीवर) ओव्हरव्होल्टेज दिसले की पहिला दोष वीजपुरवठ्यावर जातो. जरा हिशेब करा. ४१५ व्होल्टला डीसी बसचे (ड्राइव्हच्या आत एसीचे डीसी होऊन साठते त्या भागाचे) व्होल्टेज साधारण ५८५ असते आणि ड्राइव्ह ट्रिप होतो, म्हणजे स्वतःहून बंद पडतो, ८०० च्या आसपास. नुसत्या लाइनमुळे तिथे पोहोचायचे तर पुरवठा ५६५ व्होल्टपर्यंत चढायला हवा. तेवढा चढला, तर ड्राइव्हच्या आधी शेडमधली इतर उपकरणे बोंब मारतील. म्हणून सेटिंगला हात लावण्याआधी ट्रिप नेमकी कधी येते ते पाहा.

मोटार थांबवताना येत असेल, तर डिसेलरेशन टाइम (वेग शून्यावर आणायला दिलेला वेळ) कमी पडतो आहे. मोठा पंखा किंवा सेंट्रिफ्यूज ५ सेकंदांत थांबवायला गेलात की फिरते वजनच मोटारीला जनरेटर बनवते आणि ती ऊर्जा डीसी बसमध्ये चढते. पंख्याला ३०-४० सेकंद देऊन बघा, नाहीतर कोस्ट स्टॉप ठेवा, म्हणजे मोटार आपोआप फिरत थांबू द्या. झटपट थांबणे गरजेचेच असेल तर ही ऊर्जा उष्णतेत जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावा, पण मॅन्युअलमधल्या किमान ओहमपेक्षा कमी ओहमचा नको. आतला ब्रेकिंग ट्रान्झिस्टर जातो. रेझिस्टर पॅनेलच्या बाहेर बसवा.

ट्रिप अधूनमधून, कधीही येत असेल, तर पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक चालू होण्याची वेळ आणि ट्रिपची वेळ जुळते का ते तपासा. जुळली, तर ड्राइव्हच्या इनपुटला ३ टक्क्यांचा लाइन चोक (झटके अडवणारी कॉइल) लावा. ड्राइव्ह आणि मोटारीच्या मध्ये मात्र पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर कधीही ठेवू नका. जुन्या स्टार्टरच्या जागी ड्राइव्ह बसवताना तो काढायचा राहून जातो.

सर्वांत महागात पडते ती लांब केबल. बोअरवेलचा पंप १०० मीटर खोल आणि ड्राइव्ह वर खोलीत, अशा जोडणीत ड्राइव्हचे पल्स मोटारीच्या टोकाला आदळून परत फिरतात आणि तिथे डीसी बसच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे ११०० व्होल्टच्या वर शिखरे उभी राहतात. अशी मोटार उघडली की बाकी वाइंडिंग स्वच्छ आणि लीडजवळच्या पहिल्या काही वेढ्यांवर टाचणीएवढे काळे छिद्र दिसते. नुसते रिवाइंडिंग करून पुन्हा सोडली तर तीही तशीच जाणार. आउटपुटला डीव्ही-डीटी फिल्टर (पल्सची चढण मंद करणारा), एवढ्या लांबीला शक्यतो साइन फिल्टर (पल्सची गुळगुळीत लहर करणारा) लावा. कॅरिअर फ्रिक्वेन्सी (ड्राइव्ह सेकंदाला किती पल्स सोडतो तो आकडा) २ ते ४ किलोहर्ट्झवर ठेवा, पण साइन फिल्टर असेल तर त्याला लागणारीच.

तापण्याचे कारण वेगळे. मोटारीचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, म्हणून मोटार मंद झाली की हवाही कमी होते. कन्व्हेअर १५ हर्ट्झवर तासन्तास चालवला तर करंट नेमप्लेटच्या आत आणि बॉडीला हात लावता येत नाही, अशी अवस्था होते. ओव्हरलोड रिलेला फक्त करंट कळतो, गरमी कळत नाही. म्हणून रिवाइंडिंगलाच तिन्ही फेजमध्ये एकेक पीटीसी थर्मिस्टर (तापले की ज्याचे ओहम वाढतात असा सेन्सर) घाला आणि ती मालिका ड्राइव्हच्या थर्मिस्टर इनपुटला जोडा. थंड असताना तिघांची बेरीज ७५० ओहमच्या आत हवी. हे मल्टिमीटरने मोजा, मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) नाही. मंद वेगात पूर्ण भार असेल तर स्वतंत्र मोटारीचा कूलिंग पंखा लागतोच.

वाइंडिंगला मेगर लावायचा असेल तर आधी केबल ड्राइव्हपासून सोडवा.

१५ किलोवॉटचा ड्राइव्ह साधारण ४५० वॉट उष्णता पॅनेलमध्ये टाकतो. इचलकरंजी-मालेगावच्या लूम शेडमध्ये सुताची लव फिल्टरवर नमदा होऊन बसते. मग लोक पॅनेलचे दार उघडे ठेवतात आणि तीच लव हीटसिंकच्या पात्यांत शिरते. फिल्टर दर आठवड्याला झटका, ड्राइव्हच्या वर-खाली निदान १०० मिलिमीटर जागा सोडा. हीटसिंक साफ करताना पुरवठा बंद करून १० मिनिटे थांबा, डीसी बस मीटरने तपासा, मगच मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यातले पाणी आणि तेल थेट इलेक्ट्रॉनिक कार्डावर बसते.