घरचा फाईल सर्व्हर: पावसाळ्यात लाईट गेली तरी टिकणारा

चवथीचे फोटो, माटोळीचे (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीचे) व्हिडिओ, देवळातल्या नाटकाचं रेकॉर्डिंग, घराच्या कागदपत्रांचे स्कॅन. एवढ्यासाठी जुना डेस्कटॉप दिवसरात्र चालू ठेवायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. रास्पबेरी पाय ४ हा छोटा, कमी वीज खाणारा संगणक पुरतो.

त्याच्या ओएसची (ऑपरेटिंग सिस्टीमची) डेस्कटॉप नसलेली लाइट आवृत्ती मेमरी कार्डावर टाका, एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून कमांड देण्याची सोय) चालू करा, राउटरमध्ये आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) पक्का करा. नेक्स्टक्लाउड (स्वतःचं गूगल ड्राइव्हसारखं क्लाउड) नको, डेटाबेस आणि वेब सर्व्हर सांभाळणं कोणी सांगितलंय? घरापुरता सांबा, म्हणजे फोल्डर नेटवर्कवर सगळ्यांना दाखवणारा प्रोग्रॅम, पुष्कळ झाला. हार्ड डिस्क मात्र स्वतःचा अडॅप्टर असलेलीच घ्या. पायचे सगळे यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात.

आता डिस्क माउंट करणं, म्हणजे ती एका फोल्डरला जोडणं. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच, आणि बहुतेक जण हे एका ओळीत उरकतात: एफएसटॅबमध्ये (चालू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) 'एसडीए१' हे डिस्कचं नाव लिहा, झालं. फोंड्याच्या पावसाळ्यात हे चालत नाही. लाईट तासाभरात तीनदा जाते-येते. दोन डिस्क असल्या तर पुढच्या बूटला (सर्व्हर चालू होताना) त्यांची नावं उलटसुलट होऊ शकतात, आणि डिस्क वेळेत जागी झाली नाही तर बूट अडकतं. म्हणून नावाऐवजी यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक) लिहा आणि पुढे 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नकोस) जोडा.

पण नुसत्या 'नोफेल'वर थांबू नका. त्याने सर्व्हर डिस्कशिवायही उठतो आणि सांबा रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे थेट मेमरी कार्डावर लिहायला लागतो. फाईल जाते, दिसतेही, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. पुढे डिस्क माउंट झाली की त्या फाईल्स तिच्याखाली झाकल्या जातात आणि घरात 'फोटो गेले' म्हणून ओरड सुरू होते.

उपाय एकच. डिस्क अनमाउंट करा आणि त्या रिकाम्या फोल्डरवर चॅटर (chattr) कमांडने 'प्लस आय' (+i, म्हणजे बदल बंद) लावा. मग तिथे रूटलाही (सर्वाधिकार असलेल्या युजरलाही) लिहिता येत नाही; माउंट झालेल्या डिस्कवर याचा काही परिणाम होत नाही. खात्री करूनच पुढे जा: सर्व्हर बंद करून डिस्कची वायर काढा, चालू करा, मोबाईलवरून फाईल टाका. नकार यायलाच हवा.

बाहेरून फाईल्स हव्या असतील तर टेलस्केल (आपल्याच उपकरणांना सुरक्षित जोडणारं खासगी नेटवर्क) टाका. सांबाचा पोर्ट ४४५ इंटरनेटला कधीही उघडू नका.

आणि दर रविवारी दुसऱ्या डिस्कवर आरसिंक कमांडने बॅकअप. ती डिस्क सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आपल्याकडे जुलैत उघड्या कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.