चाळिशीतले एक्झिक्युटिव्ह एमबीए: फीच्या आधी वेळेची परवानगी

पंधरा-वीस वर्षे नोकरी झाली आहे, हाताखाली अख्खा विभाग आहे आणि आता एक्झिक्युटिव्ह एमबीए करावे असे मनात आहे, अशांसाठी हा अनुभव लिहीत आहे. भोसरीतील एका कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळत, आठवडाअखेरच्या वर्गांना बसून मी हे शिक्षण पूर्ण केले आणि त्या काळाचा शीण अजून पुरता उतरलेला नाही. प्रवेशपरीक्षा, निबंध आणि मुलाखत यांची माहिती तुम्ही मिळवली असेल असे गृहीत धरतो. मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही: कंपनीने फीला होकार दिला म्हणजे वेळेलाही दिला, असे होत नाही.

आधी प्रकारांबद्दल थोडक्यात. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स किंवा आयआयएम बंगळूरचा ईपीजीपी हे एक वर्षाचे पूर्णवेळ कार्यक्रम आहेत. घरकर्ज डोक्यावर असलेल्या आणि मुले दहावी-बारावीत असलेल्या माणसाला तो मार्ग बहुधा परवडत नाही. नोकरी टिकवून शिकायचे असेल, तर बंगळूरच्याच पीजीपीईएमसारखे आठवडाअखेरचे किंवा इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या पीजीपीमॅक्ससारखे टप्प्याटप्प्याने वर्ग घेणारे कार्यक्रम पाहावेत. मात्र शेवटी हाती काय पडणार, पदवी, पदविका की नुसते प्रमाणपत्र, हे स्पष्ट विचारून घ्यावे. ३१ जानेवारी २०१८ रोजी आयआयएम कायदा लागू होईपर्यंत सगळी आयआयएम पदविकाच देत असत, त्यामुळे पदविका शब्दाला बिचकण्याचे कारण नाही. बिचकायचे ते काही महिन्यांच्या प्रमाणपत्रांना, कारण मोठ्या संस्थेचे नाव पुढे करून ती पदवीच्या थाटात विकली जातात. एक खूण सांगतो. जीएसटी विभागाच्या १ जानेवारी २०१९ च्या परिपत्रकानुसार आयआयएमचे पदवी किंवा पदविका देणारे दीर्घ मुदतीचे कार्यक्रम करमुक्त आहेत, तर अल्प मुदतीच्या एक्झिक्युटिव्ह कार्यक्रमांवर १८ टक्के कर लागतो. आयआयएमच्या फीच्या तक्त्यात हा कर दिसला, तर समोरच्या समुपदेशकाला तिथेच थांबवून प्रश्न विचारावेत.

आता मूळ मुद्दा. जगातील पहिला एक्झिक्युटिव्ह एमबीए कार्यक्रम शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये सुरू केला. शिकणारा माणूस आपल्या खुर्चीवर कायम राहील आणि तरीही वर्गात येईल, यावरच या शिक्षणाची सगळी रचना उभी आहे. म्हणजे शिकणारा, संस्था आणि नोकरी देणारी कंपनी असे यात तीन पक्ष असतात आणि तिसऱ्या पक्षाने वेळ दिला नाही तर उरलेल्या दोघांची इच्छा निरुपयोगी ठरते. परदेशांतील अनेक नामवंत संस्था म्हणूनच, उमेदवार फी स्वतः भरणार असला तरी, त्याला वर्गासाठी मोकळीक मिळेल असे कंपनीचे पत्र मागतात. आपल्याकडे मात्र ते पत्र अर्जाच्या यादीतला आणखी एक कागद समजले जाते. मनुष्यबळ विभाग ठरावीक मजकुराचे पत्र देतो आणि उमेदवार तेवढ्यावर समाधान मानतो.

माझ्या बाबतीत फीचा काही भाग कंपनी देणार, त्याबदल्यात ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही, एवढेच पत्रात होते. शनिवारी मला मोकळीक राहील, हे आमच्या त्या वेळच्या संचालकांनी तोंडी सांगितले होते आणि त्यांच्या शब्दावर शंका घेण्याचे कारणही नव्हते. पहिले सत्र संपण्याच्या सुमारास त्यांची दुसऱ्या प्रकल्पावर बदली झाली. नव्या साहेबांनी साप्ताहिक आढावा शनिवारी सकाळी ठेवला. त्यांच्या दृष्टीने त्यात गैर काहीच नव्हते, कारण भोसरी-पिंपरी पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि शनिवार हा कामाचाच दिवस असतो. शनिवार-रविवारचे वर्ग हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांना सोयीचे असतात, कारखान्यातल्या माणसाला नाहीत. हजेरीची अट एकीकडे आणि आढाव्याची बैठक दुसरीकडे अशी ओढाताण सुरू झाली, साठलेली रजा संपत गेली आणि वार्षिक मूल्यमापनात ‘कामावरील लक्ष कमी झाले’ असा शेरा आला. त्या शेऱ्याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून वेळेचे पत्र स्वतंत्र मागावे. त्यात संस्थेच्या शैक्षणिक वेळापत्रकातील वर्गाच्या, परीक्षांच्या आणि कॅम्पसवर राहण्याच्या सगळ्या तारखा जोडलेल्या असाव्यात. त्या दिवशी तुमच्या जागी निर्णय कोण घेणार, त्याचे नाव असावे. वरिष्ठ बदलले किंवा तुमचीच बदली झाली तरी ही व्यवस्था चालू राहील, असे वाक्य असावे आणि सही तुमच्या साहेबांच्याही वरच्या पातळीवरची असावी. तिमाही अखेर, वार्षिक साठामोजणी आणि ग्राहकाचे ऑडिट कोणत्या तारखांवर आदळते, हे तुम्ही आधी पाहा आणि स्वतःहून सांगा. मीदेखील अखेरीस नव्या साहेबांसमोर पूर्ण वेळापत्रक आणि कामाची वाटणी लिहून ठेवली, तेव्हा त्यांनी ती ईमेलवर मंजूर केली आणि आढावा शुक्रवारी नेला. माणसे आडमुठी असतातच असे नाही. त्यांना तुमच्या तारखा ठाऊक नसतात, एवढेच बरेचदा खरे असते.

बॉन्डचा, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या कराराचा, कागदही इतक्याच बारकाईने वाचावा. बांधीलकीचा काळ प्रवेशापासून मोजणार की पदवी मिळाल्यापासून, यात दोन वर्षांचा फरक पडू शकतो. भरपाईची रक्कम दर महिन्याला घटत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, आणि कंपनीनेच नोकरीवरून कमी केले तर काय, हेही विचारावे. ‘बॉन्ड कोर्टात टिकत नाही’ असे छातीठोक सांगणारे सहकारी प्रत्येक कँटीनमध्ये भेटतात. त्यांचे ऐकू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा असते आणि न्यायालय त्या मर्यादेत वाजवी रक्कम ठरवते, हे खरे. परंतु मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट वैध ठरवली आहे. कंपनीकडून पैसा किंवा वेळ यांपैकी एकच मिळणार असेल, तर माझे स्पष्ट मत आहे की वेळ घ्यावा आणि पैशासाठी शैक्षणिक कर्ज काढावे. त्या कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, मात्र केवळ जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांनाच. मुद्दलाला ती सवलत नाही.

अभ्यासाची भीती मात्र बाळगू नका. एक्झिक्युटिव्ह असेसमेंट ही अशा कार्यक्रमांसाठीची प्रवेशचाचणी ९० मिनिटांची आणि ४० प्रश्नांची असते. गणित शाळेच्या पातळीचे असते, फक्त हात गंजलेला असतो. पहिल्या सत्रात वित्तीय लेखांकन आणि संख्याशास्त्र जड जाते आणि तुलनात्मक गुणपद्धतीत तिशीतले सहाध्यायी पुढे गेलेले पाहताना मन खट्टू होते. पण उत्पादन व्यवस्थापन, वाटाघाटी किंवा संघटनेतील सत्तासंबंध यांवरच्या केसची, म्हणजे एखाद्या कंपनीच्या उदाहरणाची, चर्चा सुरू झाली, की कामगार संघटनेशी वेतनकरार केलेल्या माणसाचे बोलणे वर्ग लक्ष देऊन ऐकतो.

आडवाटा मात्र घेऊ नका. पैसे घेऊन प्रवेशाचे निबंध लिहून देणाऱ्या सल्लागारांविषयी मला अजिबात आदर नाही, आणि हाताखालच्या मुलांकडून असाइनमेंटचे तक्ते करून घेणाऱ्या वरिष्ठांविषयी तर त्याहून कमी. संस्था निवडताना जागतिक क्रमवारीलाही फार महत्त्व देऊ नये. फायनान्शियल टाइम्सच्या यादीत पदवीनंतर तीन वर्षांनी माजी विद्यार्थ्यांचा पगार किती वाढला याला मोठे वजन असते, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्या माणसाचे प्रश्न त्या आकड्यात मावत नाहीत. त्यापेक्षा तीन-चार वर्षांपूर्वी त्याच कार्यक्रमातून बाहेर पडलेल्या आणि तुमच्याच प्रकारच्या उद्योगात काम करणाऱ्या व्यक्तीला भेटावे आणि जमल्यास तिच्या घरच्यांशीही बोलावे. रविवारी दुपारी घर कसे चालले, हे पदवीधरापेक्षा त्याची पत्नी किंवा तिचा नवरा अधिक नेमके सांगतो.

वेळेचे पत्र हाती येईपर्यंत फीचा पहिला हप्ता भरू नये. मुदत जवळ आली असेल तर प्रवेश कार्यालयाला फोन करून ती वाढवून मागावी, किंवा प्रवेश पुढच्या बॅचला नेता येतो का ते विचारावे. नकार आला तर एक वर्ष थांबावे. जीमॅट ही व्यवस्थापन प्रवेशपरीक्षा आणि एक्झिक्युटिव्ह असेसमेंट या दोन्हींचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात, त्यामुळे केलेली तयारी फुकट जात नाही. संस्थेची स्वतःची चाचणी दिली असेल, तर तिचे गुण पुढच्या फेरीत चालतील का, हे त्याच फोनवर विचारून घ्यावे.