एच.264 चा व्हिडिओ एचईव्हीसीत लवकर कसा न्यायचा: क्लासिफायर लावून बघा

एच.264 (व्हिडिओ दाबून साठवायची जुनी पद्धत) ची फाइल एचईव्हीसीत (तिच्यानंतरची, एच.265) न्यायची म्हटलं की बहुतेक जण ती पूर्ण डिकोड करतात आणि नुसत्या फ्रेम नव्या एन्कोडरच्या पुढ्यात टाकतात, मग मशीन रात्रभर घरघरत बसतं. मला हे फार खटकतं, कारण हालचाल कुठे आहे, बारकावे कुठे आहेत हे जुन्या एन्कोडरने आधीच शोधून ठेवलेलं असतं आणि आपण ते चक्क फेकून देतो.

वेळ जातो तो ब्लॉक, म्हणजे फ्रेमचे चौकोनी तुकडे, फोडण्यात. 2003 च्या एच.264 मध्ये मॅक्रोब्लॉक (तिथला मूळ ब्लॉक) 16 बाय 16 पिक्सेलचा, 2013 च्या एचईव्हीसीत ब्लॉक 64 बाय 64 पर्यंत मोठा, आणि त्याचे चार-चार तुकडे करत 8 बाय 8 पर्यंत उतरता येतं. सगळं तपासायचं तर 1+4+16+64, म्हणजे एका मोठ्या ब्लॉकमागे 85 ब्लॉक, आणि प्रत्येकाला परत वेगवेगळे मोड (चित्राचा अंदाज बांधायच्या पद्धती) लावून बघायचे. आपला क्लासिफायर, म्हणजे उदाहरणांवरून शिकून हो-नाही सांगणारा छोटा प्रोग्रॅम, फक्त एवढंच सांगणार, हा फोडायचा की नाही.

एका 64 बाय 64 मध्ये जुने 16 मॅक्रोब्लॉक बसतात. बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागची भिंत घ्या, सोळाच्या सोळा स्किप (नवं काही न साठवता आधीच्या फ्रेमवरून घेतलेले), रेसिड्युअल (अंदाज आणि खरं चित्र यातला फरक) शून्य, फोडायचा प्रश्नच नाही. त्यांचा हात हलतो तिथे मात्र 8 बाय 8 चे तुकडे, मोशन व्हेक्टर (तुकडा किती आणि कुठे सरकला ते) दहा दिशांना, तिथे खाली उतरावंच लागतं. म्हणजे फीचर (क्लासिफायरला द्यायची माहिती) हेच: स्किप किती, व्हेक्टरचा व्हेरियन्स (ते किती विखुरलेत), शून्य नसलेले कोएफिशियंट (रेसिड्युअलचे साठवलेले आकडे) किती, ब्लॉकवर बिट किती खर्च झाले, आणि क्यूपी (किती दाबायचं ठरवणारा आकडा, जितका मोठा तितका दर्जा कमी). मोशन व्हेक्टर एफएफएमपेग (मोफत व्हिडिओ टूल) काढून देतं, बाकीच्यासाठी जेएम डिकोडरमध्ये (एच.264 चं रेफरन्स सॉफ्टवेअर) थोडं प्रिंट करायचं कोड घाला.

लेबल, म्हणजे शिकवायला लागणारी बरोबर उत्तरं, मिळवायला काही व्हिडिओ एचएमने (एचईव्हीसीचं रेफरन्स सॉफ्टवेअर) पूर्ण तपासणीसकट एन्कोड करा आणि त्याने कुठे फोडलं ते लिहून ठेवा. 64, 32 आणि 16 साठी तीन वेगळे क्लासिफायर करा. नाईव्ह बेज (शक्यता मोजणारी साधी पद्धत) किंवा छोटा डिसिजन ट्री (एकामागून एक हो-नाही प्रश्न विचारणारा) पुरे, ट्री तर सरळ इफ-एल्समध्ये उतरतो. इथे मी एक चूक केली होती, एकाच व्हिडिओतले ब्लॉक ट्रेनिंगला पण आणि टेस्टला पण घेतले, आकडे झकास आले आणि क्रिकेटच्या क्लिपवर सगळं कोसळलं. ट्रेनिंग-टेस्ट व्हिडिओनुसारच वेगळं करा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन चुका सारख्या नाहीत. उगाच फोडून तपासलं तर थोडा वेळ जातो, पण फोडायला हवा होता आणि वरच थांबलात तर बिट वाढतात, आणि ते कायमचे. म्हणून क्लासिफायर देतो त्या प्रॉबेबिलिटीला दोन थ्रेशोल्ड (वरची आणि खालची सीमा) ठेवा, खात्री असेल तिथेच निर्णय घ्या, मधल्या पट्ट्यात एन्कोडरला नेहमीसारखं दोन्ही तपासू द्या. मग क्यूपी 22, 27, 32, 37 वर चालवून वेळ आणि बीडी-रेट (तेवढ्याच दर्जाला सरासरी किती टक्के जास्त बिट लागले) शेजारी-शेजारी मांडा, बीडी-रेट फार चढला तर आधी 64 चा थ्रेशोल्ड कडक करा, कारण तिथली एक चूक अख्खा ब्लॉक घालवते.