मासा लागतो ल्युअरला, सुटतो गाठीपाशी

खाऱ्या पाण्यात गळ टाकायला निघालेला नवा माणूस पहिल्यांदा विचारतो, ‘ल्युअर, म्हणजे नकली आमिष, कोणतं घेऊ?’ मी आधी त्याला गाठ बांधून दाखवायला सांगते.

पण नुसती गाठ पक्की असून भागत नाही. माझा एक मोठा मासा हाती येता येता गेला. पाच-सात मिनिटं ड्रॅग, म्हणजे ओढ वाढली की दोर सोडणारा रीलचा ब्रेक, करकरत होता आणि अचानक काठी हलकी झाली. दोर, गाठ सगळं शाबूत. ल्युअरच्या पोटाखालचा गळ मात्र गायब. गळ ल्युअरला अडकवणारी स्प्लिट रिंग उलगडून नुसती वाकडी तार लोंबत होती. तेव्हापासून नवं ल्युअर आलं की आधी रिंगा आणि गळ बदलते. तीन काट्यांच्या ट्रेबलऐवजी एकेरी गळ लावते. मासा सोडायचा असेल तर असा गळ चटकन निघतो. पण वजन बदललं की मिनोची, म्हणजे छोट्या माशासारख्या ल्युअरची, चालही बदलते. म्हणून आधी पायाशी पाण्यातून ओढून बघा. एका कुशीवर कलायला लागलं तर गळाचा आकार बदला.

किनाऱ्यावरून फेकायला 9 फुटी काठी, 4000 आकाराचं स्पिनिंग रील आणि 20 पौंडी ब्रेड (20 पौंड ताण झेलणारा विणलेला दोर) एवढ्यात सुरुवात छान होते. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे हलकी टोचही हाताला कळते. पण खडकावर घासलं की तुटायला वेळ लागत नाही. म्हणून पुढे 30 ते 40 पौंडी फ्लुरोकार्बनचा मीटर-दीड मीटर लीडर, म्हणजे ब्रेड आणि ल्युअर यांच्यामधला, घासणं सोसणारा दोर. सुरमई किंवा बाराकुडासारख्या दातवाल्या माशांसाठी त्याच्याही पुढे तारेचा छोटा तुकडा.

ब्रेड आणि लीडरच्या जोडाला मी एफजी नावाची गाठच बांधते. ब्रेड ताणून धरायचं आणि लीडरभोवती एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, वेणी घालावी तसे वीसेक वेढे घ्यायचे. मग दोन-तीन अर्धगाठी मारायच्या, थुंकीने ओलं करायचं आणि जीव लावून ओढायचं. वेढे लीडरमध्ये रुतले की ब्रेडचा रंग गडद दिसतो. तो रंग दिसला नाही तर गाठ सोडा, पुन्हा बांधा. अंधारात, वाऱ्यात, घाईत बांधलेली गाठ मी तरी कधी ‘चालेल’ म्हणून सोडत नाही. शेवटी लीडरचं टोक जोडालगत कापून आणखी चार-पाच अर्धगाठी.

ड्रॅग अंदाजाने आवळू नका. दोराला वजनकाटा लावून ओढा. 20 पौंडी, म्हणजे साधारण 9 किलोच्या दोराला 2.25 ते 3 किलोवर ड्रॅग सुटायला हवा.

ल्युअर? खोल आणि लांब फेकायला 30 ग्रॅमचं मेटल जिग (धातूचं जड ल्युअर), पृष्ठभागावर मासे उसळत असतील तर पॉपर (पाणी उडवत येणारं तरंगतं ल्युअर), मधल्या पाण्यात मिनो, तळालगत जिग हेडवर, म्हणजे डोक्याशी वजन असलेल्या गळावर, सॉफ्ट प्लास्टिकचं मऊ आमिष. चार पुरेत.

दर काही फेकींनंतर शेवटचा हातभर लीडर बोटांतून सरकवा. खरखरीत लागला की तेवढा कापून ल्युअर पुन्हा बांधा. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवा. रुतलं तर धार आहे, घसरलं तर कानस लावा किंवा गळ बदला.

घरी आल्यावर ड्रॅग आवळून रीलवर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराचा फवारा नको, त्याने मीठ आत बेअरिंगपर्यंत जातं. पाणी पुसून ड्रॅग पुन्हा सैल करा. वापरलेलं ल्युअर ओलं असताना डब्यात परत ठेवू नका. एकाचं खारं पाणी बाकीच्या कोरड्या गळांनाही गंजवतं.