भाड्यासाठी फ्लॅट घेताना तेजी-मंदीचा हिशेब असा मांडा

सर्च रिपोर्ट (मालकी हक्काची तपासणी), एनए (जमीन अकृषिक झाल्याचे कागद), रेराचा नंबर (प्रकल्पाची सरकारी नोंदणी) हे सगळं वकिलाकडून तपासून झालंय, असं धरून लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. घराचा भाव आणि घराचं भाडं एकत्र चढत नाहीत. संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक वसाहतीत नवा कारखाना येणार अशी बातमी आली की आजूबाजूच्या प्लॉटचे भाव त्याच आठवड्यात हलतात. भाडं मात्र कारखाना सुरू होऊन कामगार राहायला आल्यावर वाढतं. मधली काही वर्षं हप्ता तुम्हालाच भरायचा असतो. म्हणून ‘भाव वाढणारच आहे’ एवढ्या आधारावर एजंटच्या हातात इसार ठेवू नका.

घर बघायला मे महिन्यात जा. लातुरात जून-जुलैमध्ये शिकवणीची मुलं येतात तेव्हा कोणतीही खोली भरलेलीच दिसते. ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा संपली की खरं चित्र कळतं. रात्री आठला इमारतीसमोर उभं राहून किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. वॉचमनला विचारा, नळाला किती दिवसांनी पाणी येतं, बोअर कधी आटतो, टँकरचे पैसे कोण देतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं हे शहर आहे. इथला भाडेकरू हॉल केवढा आहे हे नंतर विचारतो, आधी पाण्याचं विचारतो.

मग भाड्याचा हिशेब वाईट वर्ष धरून करा. समजा फ्लॅट ३५ लाखांचा, भाडं ९,०००. लोक बारा महिन्यांचे १ लाख ८ हजार धरतात आणि तिथेच फसतात. दोन महिने रिकामे धरा, ९०,००० उरले. मेंटेनन्सचे १४,४००, घरपट्टी-पाणीपट्टीचे ५,०००, रंग-नळदुरुस्तीचे १०,००० वजा करा. हातात ६०,६०० राहतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून तुमचे ३७ लाखांवर गेलेले असतात. म्हणजे उत्पन्न पावणेदोन टक्क्यांच्याही आत. हा आकडा बघूनही घर घ्यावंसं वाटत असेल, तरच पुढे जा.

आता कर्ज. इथे मी स्वतः पोळलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१९ मध्ये मी दुसरा फ्लॅट घेतला आणि कॉट बेसिसवर, म्हणजे दर कॉटमागे वेगळं भाडं घेऊन, मुलं ठेवली. सगळ्या कॉट भरलेल्या होत्या. मार्च २०२० मध्ये दोन दिवसांत मुलं गादी-पेटी उचलून गावी गेली. भाडं थांबलं, व्याज थांबलं नाही. त्यातून सावरतोय तोवर मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर (तो वाढला की बँकांच्या कर्जाचे दरही वाढतात) ४ वरून ६.५० टक्क्यांवर नेला. माझा हप्ता तेवढाच कापला जात होता, म्हणून मी निर्धास्त होतो. एक दिवस स्टेटमेंट नीट वाचलं तर कर्ज संपायची तारीख माझ्या निवृत्तीच्या पलीकडे गेलेली. बँकेने हप्ता न वाढवता मुदत वाढवली होती.

याचा अर्थ आकड्यांत बघा. २५ लाख, २० वर्षं, ७ टक्के: हप्ता साधारण १९,४००. दर ९ झाला तर हप्ता २२,५०० च्या आसपास जातो. सुरुवातीलाच दर ९ होऊन हप्ता जुनाच ठेवला, तर २० वर्षांचं कर्ज फिटायला ३८ वर्षं लागतात, कारण १९,४०० पैकी १८,७५० व्याजातच जातात.

तेव्हा तीन गोष्टी कराच. आजच्या दरात दोन टक्के मिळवून हप्ता काढा आणि तो भाडं शून्य धरून पगारातून झेपतो का ते बघा. सहा हप्त्यांची रक्कम एफडीत वेगळी ठेवा, तिला लग्नकार्यासाठीही हात लावू नका. आणि दर वाढला की बँकेत जाऊन ‘हप्ता वाढवा, मुदत नको’ असं लेखी द्या. हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडायची मुभा कर्जदाराला द्यावी, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये बँकांना बजावलंय. एवढं झेपत नसेल तर लहान फ्लॅट बघा किंवा थांबा. ‘भाडं येईल त्यातून हप्ता जाईल’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका, मग तो सख्खा मेहुणा का असेना.

भाडेकरार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी कराच, कायद्याने ती घरमालकाची जबाबदारी आहे.

मंदीत भाडेकरू हजार रुपये कमी करा म्हणाला तर अडून बसू नका. ९,००० चे ८,००० केले तर वर्षाला १२,००० जातात. तो निघून गेला आणि घर दोन महिने रिकामं राहिलं तर १८,००० जातात, वर नव्या भाडेकरूसाठी रंग द्यावा लागतो तो वेगळा.